डोळे उघडे ठेवून पाळलेलं मौन

निर्मलाताई,

तुम्हाला जाऊन आज चोवीस दिवस झाले, आणि मी हे रडत लिहीत नाहीये. रडून झालं. आज मला घाई आहे. काल देडतलाईहून परतताना बसमध्ये मी एकटीच हसत होते, तर शेजारची बाई दोनदा माझ्याकडे पाहून जरा सरकूनच बसली. सांगायला कोणी नव्हतं. म्हणजे घरी आई आहे, ऑफिसात माणसं आहेत, पण ही गोष्ट जिला सांगावी अशी एकच बाई होती. तेव्हा ऐका. तुम्ही मध्येच "अश्विनी, मुद्द्यावर ये" म्हणणार, मला माहीत आहे. येते. पण या वेळी मला माझ्या क्रमानं सांगू द्या.

आठवतं ना आपलं खकनारचं पहिलं ट्रेनिंग? मी इंदूरहून डिग्री घेऊन नुकती नोकरीला लागले होते. गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांना शिकवायचं काम, विषय नवजात बाळाची काळजी, आणि लॅपटॉपमध्ये बेचाळीस स्लाइड. हॉलमध्ये साठेक बाया. दहाव्या स्लाइडला मागच्या ओळीतल्या एकीनं पिशवीतून मेथीची जुडी काढली आणि निवडायला बसली. पंधराव्या स्लाइडला दोघी झोपल्या. मी आवाज वाढवला. त्यांनी आपसातल्या गप्पांचा आवाज वाढवला. मला वाटलं, या बायांना शिकायचंच नाही.

तुम्ही खिडकीजवळ बसला होता. तीस वर्षांच्या नोकरीच्या सुपरवायझर, मांडीवर बंद रजिस्टर. उठलात, "मॅडम, एक मिनिट घेऊ?" म्हणालात आणि माझ्या होकाराची वाट न पाहता बायांकडे वळलात. "या महिन्यात कोणाकोणाच्या गावात बाळ झालं?" पंधरा-सोळा हात वर गेले. तुम्ही एकीकडे बोट केलंत. मुलगा की मुलगी? नाव ठेवलं का? दूध नीट ओढतं का? तिसऱ्या प्रश्नाला ती बाई थबकली. "नाही ताई, जरा सुस्तच आहे." आणि हॉल गप्प झाला. मेथी थांबली. ज्या बाळाला कोणी पाहिलं नव्हतं त्याच्यासाठी साठ बाया पुढे झुकल्या. तुम्ही तिथूनच फोन लावायला लावलात आणि त्या बाळाला दवाखान्यात न्यायला सांगितलंत. माझ्या बेचाळीस स्लाइडांमध्ये हे सगळं होतं, ताई. एकोणिसाव्या स्लाइडवर. फक्त कोणी ऐकत नव्हतं.

बाहेर नळावर हात धुताना तुम्ही म्हणालात, "पोरी, तू दोन तास शिशु-शिशु करून राहिली. शिशु कोणाच्या घरी जन्मत नाही. घरी बाळ जन्मतं."

मला इतका राग आला होता! आज हसू येतं, पण तेव्हा माझे कान तापले होते. भर ट्रेनिंगमध्ये माझ्या हातून माईक घेतला म्हणून नव्हे, माईकशिवाय तुमचं ऐकलं गेलं म्हणून. घरी जाऊन मी साहेबांना तक्रार लिहिली. टाइप केलेली चार पानं. प्रशिक्षणात अनधिकृत हस्तक्षेप, शिस्तीचा भंग, असे शब्द वापरले. साहेबांनी तुम्हाला आत बोलावलं, पाऊण तास बसवलं. तुम्ही बाहेर आलात आणि कोणालाच काही बोलला नाहीत. त्यानंतर दीड महिना आपण बऱ्हाणपूरहून एकाच बसनं जायचो, एकाच बसनं यायचो, आणि मी खिडकीबाहेरच्या केळीच्या बागा मोजायचे.

त्या तक्रारीबद्दल मी तुम्हाला कधीच काही विचारलं नाही. सांगितलं नाही, माफी मागितली नाही. आधी लाज, मग सवय. त्याचं पुढे सांगते.

मला तुम्ही पहिल्यांदा जिंकलंत ते निंबोल्यात. एका बाळंतिणीच्या घरी आपण गेलो होतो. मी तिला बाळाच्या धोक्याच्या खुणा सांगितल्या, एक-एक करून, अगदी हळू, सोप्या शब्दांत. ती प्रत्येक खुणेला मान हलवत होती. मी खूश. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तुम्ही थांबलात.

"झालं?"

"झालं. सगळं समजलं तिला."

"मग परत जा आणि विचार, मॅडमनं काय सांगितलं."

मी चिडून परत गेले. विचारलं. ती लाजली, पदर सावरला आणि म्हणाली, "तुम्ही सांगितलं ना, बाळ चांगलं आहे."

मी परत आले तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून हसत होता. मग मीही हसले. आपलं बोलणं तिथून सुरू झालं. "मान हलवणं म्हणजे समजलं असं नसतं," तुम्ही म्हणालात. "मान हलवणं म्हणजे, बाई, आता जा, माझा भात लागून राहिला, असंही असतं."

मग तुम्ही मला कुठे कुठे नेलंत! केळी मंडीत लिलाव पाहायला नेलंत, का तर बोली लावणारा माणूस पाहायचा. ट्रक भरून केळी समोर, आणि आपण दोघी कडेला उभ्या. "सांग, तो कुठे पाहतो?" मी म्हटलं, केळीकडे. "नीट पाहा." खरंच तो केळीकडे एकदाही पाहत नव्हता. घेणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत होता. कोणी पाय बदलला, कोणी खिशात हात घातला, कोणी शेजाऱ्याकडे वळलं, की त्याचा आवाज तिकडे वळायचा. "तू स्लाइडकडे पाहत बोलते," तुम्ही म्हणालात, "मग बाया कोणाकडे पाहतील? मेथीकडे." नंतर चौकात उभ्यानं मावा जिलेबी खाल्ली आणि तुम्ही मला बजावलंत की माझ्या नव्या भाषणात पहिल्या वाक्यात बाळ आलंच पाहिजे. दुसऱ्यात नाही चालणार.

मी बदलत गेले. बेचाळीसच्या अठरा स्लाइड झाल्या, अठराच्या सहा. ट्रेनिंगमधली माझी कागदी हिंदी सुटली. बाया माझं ऐकायला लागल्या आणि मी हवेत होते, ताई. आणि हवेत असलेलं माणूस करतं तसंच मी केलं. गुरूच्या चुका शोधायला लागले.

आता ते शेवटचं भांडण. मुद्दाम लिहिते आहे, कारण ते अर्धं राहिलं.

चांदनी गावची मीटिंग संपवून आपण गाडीची वाट पाहत फलाटावर बसलो होतो. तुम्ही खूश होता, मीटिंग रंगली होती. आणि मी म्हणाले, "ताई, तुमच्या मीटिंगमध्ये बोलणाऱ्या बाया ठरलेल्या असतात. त्याच दहा जणी. तुम्ही प्रश्न विचारता, त्या उत्तर देतात, सगळे हसतात. बाकीच्या चाळीस जणी तमाशा पाहायला येतात."

तमाशा. हा शब्द मी वापरला.

तुम्ही पर्समधून चष्मा काढलात, पुसलात, परत ठेवलात. मग म्हणालात, "तीस वर्षं झाली. कोणी झोपलं नाही माझ्यासमोर."

"झोपत नाहीत, ताई. घाबरतात. तुम्ही बोट दाखवाल म्हणून मागे लपून बसतात. मी मागून पाहते ना."

"मग तू बोलव त्यांना. देडतलाईचं पुढचं ट्रेनिंग तू एकटी कर. मी येत नाही."

गाडीत आपण शेजारी बसलो, पण बोललो नाही. उतरताना तुम्ही माझ्या हातात माझी विसरलेली पाण्याची बाटली दिलीत आणि "जाते" म्हणालात. पाचव्या दिवशी सकाळी तुमच्या मुलीचा, वर्षाचा, फोन आला. चहा ठेवता ठेवता गेलात.

त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. एवढंच सांगते की तुमच्या अंगणात खकनारपर्यंतच्या बाया आल्या होत्या आणि कोणीही भाषण केलं नाही.

देडतलाईचं ट्रेनिंग तुमच्या नवव्या दिवशी आलं. साहेब म्हणाले, पुढे ढकलू. मी नाही म्हटलं. माझ्याकडे सहा स्लाइड होत्या. हॉलमध्ये पंचावन्न बाया, आणि वीज नाही. स्लाइड गेल्याच. मी उभी राहिले, पहिल्या वाक्यात बाळ आणायचं होतं, आणि मला रडूच फुटलं. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनाही तुम्हीच दिसत होता. शेवटी पुढच्या ओळीतली एक म्हणाली, "मॅडम, आधी ताईंसाठी एक मिनिट मौन पाळू."

सगळ्या उठल्या. डोळे मिटायला लागल्या. आणि ताई, मला माहीत नाही ते कुठून आलं. मी ठरवलं नव्हतं, कुठे वाचलं नव्हतं. मी म्हटलं, "थांबा. डोळे मिटू नका. ताईंसाठी मौन पाळायचं तर डोळे उघडे ठेवून पाळू. दोघी-दोघी समोरासमोर बसा. एकीनं दुसरीच्या छातीकडे पाहायचं आणि तिचे श्वास मोजायचे. पूर्ण एक मिनिट. मी घड्याळ पाहते. कोणी बोलायचं नाही."

आणि पंचावन्न बाया गप्प झाल्या.

तुम्ही तो हॉल पाहायला हवा होता! तुमच्या मीटिंगमध्येसुद्धा अशी शांतता मी ऐकली नव्हती. बाहेर एक ट्रॅक्टर जात होता, तेवढाच आवाज. कोणाचे ओठ हलत होते, कोणाची बोटं. एक जण उरत होती, तिच्या समोर मी बसले. तिचे श्वास मोजता मोजता मला कळलं की तीस सेकंदांनी माझं रडू थांबलं होतं, कारण रडत मोजता येत नाही.

मिनिट संपलं आणि जो कल्ला झाला! "अठरा!" "माझे बावीस!" "हिचे चाळीस मॅडम, ही हसत होती!" कोणाला बोट दाखवावं लागलं नाही. प्रत्येकीकडे सांगायला एक आकडा होता, आणि तो तिचा स्वतःचा होता, त्यात चूक-बरोबर काही नव्हतं. मागच्या भिंतीलगतच्या बायासुद्धा ओरडून सांगत होत्या. मग मी विचारलं, "बाळाचे किती असतील?" एकीच्या मांडीवर तिचं दीड महिन्याचं बाळ झोपलं होतं. सगळ्या त्याच्याभोवती जमल्या. पुन्हा एक मिनिट. चव्वेचाळीस. मी म्हटलं, हे छान आहे. पण दोन महिन्यांच्या आतलं बाळ, झोपलेलं, शांत, आणि तरी श्वास साठ किंवा त्याहून जास्त आले, तर परत एकदा मोजायचे. पुन्हा तेवढेच आले तर वाट पाहायची नाही, दवाखाना.

बस. एवढंच शिकवलं त्या दिवशी. शेवटी प्रत्येकीला विचारलं, घरी जाऊन काय कराल? तुमचा निंबोल्याचा धडा. एकही म्हणाली नाही की बाळ चांगलं आहे.

तेराव्याला तुमच्या घरी मी हे सगळं वर्षाला सांगत होते. हातवारे करून, तेराव्याच्या घरी शोभणार नाही एवढ्या उत्साहानं. ती ऐकता ऐकता हसली आणि म्हणाली, "आईला तुझी ती तक्रार फार आवडली होती."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली.

"त्यांना माहीत होतं? मी लिहिली म्हणून?"

"साहेबांनी कागद आईच्या हातातच दिला ना. घरी येऊन बाबांना सांगत होती, पोरगी कामाची आहे, तिला लागलं म्हणून तिनं लिहिलं. पण तक्रारसुद्धा चार पानांची लिहिली बाईनं! साहेबांनी पहिल्या पानावरच सोडून दिली. हिला आधी छोटं बोलायला शिकवावं लागेल."

तीन वर्षं! तीन वर्षं तुम्ही माझ्या शेजारी बसलात, मला जिलेबी खाऊ घातलीत, आणि हे पोटात ठेवलंत. मी तुमच्या अंगणात उभी राहून आधी हसले आणि मग हमसून हमसून रडले, आणि वर्षाला कळेना की मला पाणी द्यावं की टाळी. ताई, तक्रारीची माफी मागते. एका ओळीत. तमाशा हा शब्दही मागे घेते. मागे लपणाऱ्या बायांबद्दल जे म्हणाले ते मात्र मागे घेत नाही, आणि का घेत नाही ते आता सांगते, कारण खरी बातमी पुढेच आहे.

पंधराव्या दिवशी मला फोन आला. "मॅडम, मी सुगंती." मला चेहराच आठवेना. देडतलाईच्या पुढच्या एका पाड्यावरची कोरकू आदिवासी बाई, चार वर्षांपासून आशाचं काम करते, आणि हजेरीची सही सोडली तर तिनं मीटिंगमध्ये कधी तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. "बाळाला बऱ्हाणपूरच्या दवाखान्यात ठेवलं," ती म्हणाली. "तुम्ही म्हटलं होतं ना, साठ." आणि रेंज गेली.

काल देडतलाईत पुढची मीटिंग होती. मी सुगंतीला आधीच बाजूला घेऊन विचारलं, तू सांगशील का सगळ्यांना? ती नाही म्हणाली. मी जबरदस्ती केली नाही. मी तिला म्हटलं, मग फक्त आकडा सांग. ती उभी राहिली, आकडा सांगितला, "सहासष्ट," आणि खाली बसायला लागली. पण बाया बसू देतात का! "कोणाचं बाळ?" "किती दिवसांचं?" "मग काय केलं?" त्यांनी हिंदीत विचारलं, मधेच कोरकूत विचारलं, आणि ती उभी राहून सांगायला लागली. मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

बाळ सव्वीस दिवसांचं. आई म्हणाली, सर्दी आहे. सुगंतीनं मोजले, सहासष्ट. परत मोजले, अडुसष्ट. तिनं बाळाच्या बापाला सांगितलं, दवाखान्यात चला. तो म्हणाला, तुम्ही लोक दर वेळी असंच घाबरवता, उद्या पाहू. घरात ऐकतात ते म्हातारीचं, बाळाच्या आजीचं. ती दारात मका सोलत बसलेली. सुगंती तिच्यासमोर जाऊन बसली.

"मी तिला काही समजावलं नाही," सुगंती म्हणाली. "मला समजावता येत नाही. मी बाळ तिच्या मांडीवर दिलं, तिचा हात त्याच्या छातीवर ठेवला आणि म्हटलं, आजी, तू मोज. मी मोबाइलमध्ये मिनिट पाहते."

आजीला वीसपर्यंतच मोजता येत होतं. मग सुगंती म्हणाली, वीस झाले की मक्याचा एक दाणा बाजूला ठेव. एक मिनिट. एक दाणा. दुसरा. तिसरा. चौथ्यासाठी आजी परत एक, दोन, तीन मोजायला लागली होती. "बस, आजी," सुगंती म्हणाली. "तीन दाण्यांच्या आत पाहिजे होते."

म्हातारी ते तीन दाणे पाहत राहिली. मग तिनं आत पाहून पोराला हाक मारली, "ए, उठ. गाडी काढ."

बाळाला न्युमोनिया होता. सहा दिवस दवाखान्यात ठेवलं. परवा घरी आलं. दूध ओढतं. सुगंती हे सांगताना पहिल्यांदा हसली.

ताई, हॉलमध्ये कोणी हललं नाही. ती हळू बोलते, अर्धी वाक्यं गिळते, पदराशी चाळा करते, खाली पाहते. तुम्ही आणि मी मिळून बोलताना जे जे करू नये म्हणून सांगितलं असतं ते सगळं ती करत होती. आणि चोपन्न बाया श्वास रोखून बसल्या होत्या. लागलीच एक हात वर आला. "आणि आजीनंही ऐकलं नसतं तर?"

सुगंतीनं विचार केला. "मग बापाच्या हातात बाळ दिलं असतं. त्याला शंभरपर्यंत येतं."

सगळा हॉल हसला. मग दुसरा हात वर आला, मग तिसरा, माझ्याकडे नाही, तिच्याकडे. मी पुढे होऊन दोन शब्द बोलणार होते. ट्रेनिंग माझं होतं, सांगण्यासारखं बरंच होतं, तोंड उघडलंही होतं. मग मिटलं आणि एक सतरंजी ओढून बायांमध्ये बसले.